खुर्ची गेली, पेन्सिल राहिली

आपल्याकडे माणूस निवृत्त होतो, पण पत्रिकेवरून उतरत नाही. कुठल्याही शिक्षणसंस्थेचा वार्षिक अहवाल उघडा किंवा नाट्यसंस्थेच्या वर्धापनदिनाचे निमंत्रण हातात घ्या. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार ही राबणारी मंडळी संपली की खाली दुसरी ओळ लागते. मार्गदर्शक, सल्लागार, आधारस्तंभ, प्रेरणास्थान. अलीकडे या ओळीत एक लॅटिन पाहुणा येऊन बसला आहे, एमेरिटस, म्हणजे निवृत्तीनंतरही पदाचे नाव मानाने लावणारा. विद्यापीठात प्रोफेसर एमेरिटस, कंपनीत चेअरमन एमेरिटस. उद्या एखाद्या हौसिंग सोसायटीत सेक्रेटरी एमेरिटस निघाले तर नवल वाटायला नको.

शब्दावर माझा राग नाही. त्याच्या आडोशाने जे चालते त्यावर आहे. निवृत्त माणसाला मान द्या, बसायला खोली द्या, समारंभात पहिल्या रांगेत बसवा. पण निर्णयाचा एकही कागद त्या खोलीत जाता कामा नये, आणि ही गोष्ट कोणाच्या मनाच्या मोठेपणावर न सोडता संस्थेच्या घटनेत लिहिलेली असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

एमेरिटस हे मुळात विशेषण, आणि तेही बराकीतले. ‘एमेरेरी’ म्हणजे मुदत भरून हक्काने कमावणे. रोमन सैन्यात ज्या शिपायाने ठरलेली वर्षे पुरी केली आणि रीतसर सुटका मिळवली, तो एमेरिटस. काम पुरे झाले आणि त्याचे देणेही मिळाले, असे दोन्ही त्या एका शब्दात आहे. सम्राट ऑगस्टसने इ.स.पू. १३ मध्ये ही मुदत १६ वर्षे ठरवली, इ.स. ५ मध्ये ती २० वर नेली आणि सुटणाऱ्या शिपायाला १२,००० सेस्टर्स रोख द्यायचे ठरवले. पुढच्याच वर्षी त्यासाठी वेगळा खजिना उघडला आणि तो भरायला वारशाने मिळणाऱ्या मालमत्तेवर पाच टक्के कर बसवला. त्याआधी जमिनी देऊन वसवण्याची पद्धत होती. स्पेनमध्ये ग्वादिआना नदीच्या काठी इ.स.पू. २५ मध्ये अशा सुटलेल्या शिपायांची वसाहत उभी राहिली, तिचे नाव ऑगस्टा एमेरिटा. आजचे मेरिदा शहर ते हेच. तिथला रोमन पूल आणि नाट्यगृह अजून उभे आहेत. म्हणजे पेन्शनरांच्या वस्तीचे शहर झाले, आणि पुढे स्पॅनिश लोकांनी १५४२ साली मेक्सिकोत त्याच नावाचे आणखी एक शहर वसवले.

कागदावरची ही व्यवस्था छावणीत मात्र तशी नव्हती. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस गेला आणि डॅन्यूब व ऱ्हाइन या दोन्ही सरहद्दींवर फौजा बिथरल्या. रोमन इतिहासकार टॅसिटसने या बंडाची हकीकत तपशीलवार लिहून ठेवली आहे. शिपायांची तक्रार अशी की आम्ही तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे राबतो आहोत, अंगावर जखमा आहेत, आणि सुटका झाली तरी घरी जाता येत नाही. निशाणाखाली तंबू ठोकून तेच काम दुसऱ्या नावाने करायचे. जमीन दिलीच तर पाणथळ किंवा डोंगरातली, पडीक. ऱ्हाइनकाठी तरुण सेनापती जर्मेनिकस त्यांची समजूत काढायला आला तेव्हा काही म्हातारे पुढे झाले, हाताचे चुंबन घेण्याच्या मिषाने त्यांनी त्याची बोटे आपल्या तोंडात घातली, आणि दात नसलेल्या हिरड्या चाचपायला लावल्या. अर्ज-विनंतीचा याहून बोलका नमुना मला तरी ठाऊक नाही.

‘तेच काम दुसऱ्या नावाने’ ही त्यांची तक्रार होती. आज हीच सोय म्हणून मागितली जाते. त्या शिपायांना जायचे होते आणि जाऊ दिले जात नव्हते. आपल्या एमेरिटसांना जायचे नसते आणि जा म्हणायची कोणाची छाती होत नाही.

लॅटिन कवींनी हे विशेषण अवजारांनाही लावले आहे. ओव्हिडच्या एका कवितेत पेरणीनंतरचा सण येतो. बैलांना फुलांचे हार घातलेत, गव्हाणी भरल्यात, आणि शेतकऱ्याने आपला ‘एमेरिटस’ नांगर खुंटीला टांगायचा आहे. आपल्याला पोळा आठवावा असेच चित्र. फक्त त्यात एक मेख आहे. वसंत आला की काम पुन्हा सुरू होणार हेही कवीने बैलांना तिथेच सांगून टाकले आहे. तेव्हा निवृत्तीनंतर परत येणाऱ्यांना हवाच असेल तर अभिजात आधारही आहे म्हणायचा.

व्याकरणाचेही जाता जाता. इंग्रजीत विशेषणे लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, पण हे एक बदलते, आपल्या ‘चांगला-चांगली’सारखे. पुरुष एमेरिटस, स्त्री एमेरिटा. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात नॅन्सी पेलोसी यांनी नेतेपद सोडले तेव्हा, नोव्हेंबर २०२२ मध्ये, त्यांच्या पक्षाने त्यांना स्पीकर एमेरिटा हा किताब दिला. पावणेदोन वर्षांनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी निवडणुकीतून माघार घ्यावी यासाठी ज्यांच्या शब्दाचे वजन पडले, त्यांत त्या अग्रभागी होत्या. किताब शोभेचा, वजन खरे.

हा गुंता सर्वांत नेटाने सोडवायचा प्रयत्न केला तो कॅथलिक चर्चने. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे बिशपने वयाच्या ७५ व्या वर्षी राजीनामा सादर करायचा, आणि तो स्वीकारला गेला की त्याच धर्मप्रांताचा एमेरिटस बिशप म्हणून राहायचे. वसईत, पुण्यात, गोव्यात हे लोकांच्या परिचयाचे आहे. तुकोबांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिणारे थॉमस डाबरे पुण्याचे बिशप म्हणून निवृत्त झाले, ते याच नियमाने. पण पोपला असा नियम नव्हता. सोळावे बेनेडिक्ट यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी लॅटिनमधून राजीनामा जाहीर केला, तेव्हा जवळपास सहाशे वर्षांत असे कोणी केले नव्हते. त्यांच्या मुद्रेच्या अंगठीवर चरे पाडून ती बाद करण्यात आली. नव्या पोपच्या आज्ञेत राहीन असा शब्द त्यांनी दिला. एवढे सगळे झाले, पण ‘पोप एमेरिटस’ ही उपाधी राहिली, पांढरा झगा राहिला आणि मुक्कामही व्हॅटिकनच्याच आवारात राहिला. २०२० च्या जानेवारीत पाद्र्यांच्या ब्रह्मचर्यावरील एका पुस्तकावर सहलेखक म्हणून त्यांचे नाव आले. नेमका तोच विषय तेव्हा पोप फ्रान्सिस यांच्यापुढे निर्णयासाठी होता. गदारोळ झाला आणि बेनेडिक्ट यांना आपले नाव काढायला सांगावे लागले. अंगठी मोडूनही झगा बोलत राहतो. मग जिथे अंगठीच मोडत नाहीत तिथे काय होत असेल?

तिथे इन्फोसिस होते. १९८१ साली पुण्यात सुरू झालेली ही कंपनी म्हणजे मध्यमवर्गाचा अभिमान, म्हणून तिचे उदाहरण मुद्दाम घेतो. नारायण मूर्ती २०११ च्या ऑगस्टमध्ये, पासष्टी पुरी होताच, स्वतःच्या कंपनीच्या नियमाप्रमाणे बाजूला झाले आणि चेअरमन एमेरिटस झाले. तोपर्यंत सगळे आदर्श. जून २०१३ मध्ये कंपनीची वाढ मंदावली म्हणून संचालक मंडळाने त्यांना कार्यकारी अध्यक्ष म्हणून परत बोलावले, आणि ते आले. पुढच्या वर्षी विशाल सिक्का हे संस्थापकांबाहेरचे पहिले मुख्याधिकारी नेमले गेले, मूर्ती पुन्हा एमेरिटस झाले. पुढची तीन वर्षे कारभाराची पद्धत, मोठाले पगार, सोडून गेलेल्या अधिकाऱ्याला दिलेली रक्कम यांवरून कुरबुर वाढत गेली आणि ती वर्तमानपत्रांतून सर्वांसमोर झाली. १८ ऑगस्ट २०१७ रोजी सिक्का यांनी राजीनामा दिला. संचालक मंडळाने त्याचा दोष उघडपणे मूर्तींवर ठेवला, मूर्तींनी तो फेटाळला. आठवडा उलटायच्या आत नंदन नीलेकणी, म्हणजे दुसरे संस्थापक, अध्यक्ष म्हणून परतले.

मूर्तींचे प्रश्न चुकीचे होते असे मला वाटत नाही. भागधारक म्हणून ते विचारायचा त्यांना पूर्ण हक्क होता. पण बाकीच्या लाखो भागधारकांनी पत्र लिहिले तर पोच मिळते, आणि संस्थापकाने लिहिले तर मुख्याधिकारी जातो. हे वजन भांडवलाचे नव्हते, २०११ मध्ये न संपलेल्या अधिकाराचे होते.

टाटांच्या घरात हेच वेगळ्या तऱ्हेने घडले. रतन टाटा यांनीच नव्वदच्या दशकात निवृत्तीचे वय लावून जुन्या बड्या सरदारांना बाजूला केले होते. स्वतः २८ डिसेंबर २०१२ रोजी, पंचाहत्तरी पुरी झाल्या दिवशी, पायउतार झाले आणि चेअरमन एमेरिटस झाले. २४ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या जागी आलेले अध्यक्ष सायरस मिस्त्री यांना हटवण्यात आले आणि ७८ वर्षांचे एमेरिटस काही महिन्यांसाठी पुन्हा अध्यक्ष झाले. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये टाटा सन्सची, म्हणजे समूहाच्या मुख्य कंपनीची, बाजू उचलून धरली, त्यामुळे कायद्याचा प्रश्न मिटला आहे. माझा प्रश्न कायद्याचा नाही. टाटा सन्सचा जवळपास दोन तृतीयांश हिस्सा ट्रस्टांकडे, आणि ट्रस्टांचे अध्यक्ष तेव्हा एमेरिटसच होते. आपल्याकडे वडील थोरल्या मुलाला म्हणतात, ‘आता शेती तू बघ’, आणि सातबारा स्वतःच्या नावावर ठेवतात, त्यातली गत. मुलाने विहीर खणावी की द्राक्षे लावावीत हे तो ठरवतो, पण बँकेत गेला की कर्जाच्या कागदावर सही वडिलांची. यात वडील दुष्ट नसतात. फक्त ‘तू बघ’ या दोन शब्दांचा अर्थ दोघांच्या मनात वेगळा असतो.

राजकारणावर फार बोलत नाही, तिथे सगळेच सगळ्यांना ठाऊक आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भाजपने मार्गदर्शक मंडळ काढले आणि अडवाणी-जोशींना त्यात बसवले. त्या मंडळाचे मार्गदर्शन कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही. उलट टोकाला, शरद पवारांनी २ मे २०२३ रोजी अध्यक्षपद सोडत असल्याचे जाहीर केले, कार्यकर्ते सभागृहातच रडू लागले, आणि ५ मे रोजी राजीनामा मागे घेतला गेला. दोन महिन्यांत पक्ष फुटला, आणि आता थांबायचे कधी हा प्रश्न पुतण्याने भर सभेत काकांना विचारला. एका पक्षात माणसाला कोनाड्यात ठेवले, दुसऱ्यात जाऊच दिले नाही. मुदत भरली, देणे घेतले, निघाला, हा साधा रोमन क्रम दोन्हीकडे नाही.

विद्यापीठांचे दुखणे मात्र मला अधिक जवळून माहीत आहे. एका महाविद्यालयात, नाव सांगत नाही, निवृत्त विभागप्रमुखांची खोली त्यांनाच ठेवलेली होती. दारावरची पितळी पाटी तीच, नव्या बाई स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर. ग्रंथखरेदीची यादी, परीक्षकांची नावे, कोणाला कुठला पेपर शिकवायला द्यायचा, असा प्रत्येक कागद प्राचार्यांकडे जाण्याआधी शिपाई त्या खोलीत नेऊन आणी. सर कुठेही सही करत नसत. सहीचा अधिकार नव्हता ना. समासात पेन्सिलीने बारीकशी टिक करत. टिक नसलेला कागद प्राचार्य ‘जरा सरांशी बोलून घ्या’ म्हणून परत पाठवत. वर्षअखेरीस तपासणीला आलेल्या समितीला फायलींत सर कुठेच दिसले नाहीत, कारण तोवर बाईंनी टिका खोडरबराने पुसून टाकलेल्या असत. सर माणूस म्हणून सज्जन, विषयात बुडालेले. म्हणूनच मला हा प्रश्न स्वभावाचा वाटत नाही.

आणि त्याच इमारतीत सेट-नेट झालेली, पीएचडी झालेली मुले तासिका तत्त्वावर शिकवत असतात. घेतलेल्या तासांचे पैसे, तेही महिनोन्‌महिने रखडलेले. उन्हाळ्यात काहीच नाही. सरांमुळे यांची भरती अडली असे म्हणणे अन्याय होईल, भरती शासनाने अडवली आहे. पण विभागात कोणी काय शिकवावे, कुठले पुस्तक अभ्यासक्रमात लावावे हे ठरवण्याच्या बैठकीत निवृत्त सरांना खुर्ची असते आणि रोज वर्गावर उभ्या राहणाऱ्या पोराला नसते, हे काही शासनाने सांगितलेले नाही.

याच नाण्याची दुसरी बाजूही तितकीच वाईट. २०१९ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने इतिहासकार रोमिला थापर यांच्यासह काही एमेरिटस प्राध्यापकांना पत्र पाठवून त्यांचा बायोडेटा मागवला, किताब पुढे चालू ठेवायचा की नाही हे ठरवण्यासाठी. थापर १९९३ पासून एमेरिटा. झालेल्या कामाबद्दल दिलेला मान दर काही वर्षांनी तपासायचा असतो, ही कल्पनाच शब्दाच्या मुळावर उठणारी आहे. वीस वर्षे भरलेल्या शिपायाला कोणी पुन्हा भाला फेकून दाखव म्हणत नव्हते. गैरवर्तनाबद्दल किताब काढून घ्यावा, त्याला माझी हरकत नाही. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक असलेल्या जेम्स वॉटसन यांच्याकडून वंशाबद्दलच्या वक्तव्यांपायी अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेने २०१९ मध्येच चॅन्सेलर एमेरिटससह सगळे किताब काढून घेतले. पण वर्तन तपासणे वेगळे आणि उत्पादन तपासणे वेगळे. विद्यापीठांनी जे तपासायला हवे ते, म्हणजे निवृत्ताच्या हातात अजून काय अधिकार उरला आहे, ते तपासायचे टाळले आणि बायोडेटा मागितला.

जमते कसे याचे उदाहरण पुण्यातच आहे. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, विटेपासून माणसांपर्यंत. २००३ मध्ये संचालकपद सोडले आणि एमेरिटस प्राध्यापक झाले. नरेश दधिच, मग अजित केंभावी, मग सोमक रायचौधुरी असे संचालक होत गेले. नारळीकर तिथेच होते. वाचत होते, विश्वोत्पत्तीबद्दलचे आपले बहुमताविरुद्धचे मत न कंटाळता मांडत होते, मराठीत लिहीत होते. त्यांच्या मराठी आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो २०१४ मध्ये, म्हणजे निवृत्तीनंतर. स्वाक्षरी मागायला येणाऱ्या मुलांना ते सांगत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. निवृत्त माणसाने सही कशावर करावी याचे याहून चांगले उत्तर नाही. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तोवर संस्था त्यांच्याशिवाय चालायला बावीस वर्षे शिकलेली होती.

यावर हमखास आक्षेप येतो तो असा की सगळे नारळीकर नसतात, आणि अनुभव वाया घालवायचा का? पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. सगळे नारळीकर नसतात म्हणूनच नियम लागतो. दुसऱ्याबद्दल एवढेच म्हणेन की अनुभव विचारायचा असतो, तो मंजुरीसाठी रांगेत उभा करायचा नसतो. नव्या प्रमुखाला अडले तर तो जाऊन विचारेल. न विचारण्याची मुभा असेल तरच त्या विचारण्याला सल्ला म्हणता येते. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाचे कंडक्टर एमेरिटस आहेत. बोलावले की येऊन वाजवून घेतात, पुढच्या हंगामात काय वाजवायचे हे दुसरे ठरवतात.

म्हणून घटनेत लिहायच्या गोष्टी फार नाहीत. खोली द्यावी, पण जुनी नाही. ग्रंथालय, प्रयोगशाळा, ईमेल, शिकवायची हौस असेल तर वर्ग, हे सगळे राहावे. निवड समिती, खरेदी समिती आणि अभ्यास मंडळ यांत जागा नसावी, ‘निमंत्रित’ म्हणूनही नाही. बैठकीची कागदपत्रे पाठवू नयेत. आणि सोडलेल्या पदावर परतायचे असेल तर आधी एमेरिटस ही उपाधी जाहीरपणे परत करावी. कंपन्यांनी तर हे भागधारकांपुढे ठराव करून लिहावे.

छोट्या संस्थांची अडचण वेगळी आहे हे मान्य. वाचनालय, व्यायामशाळा, गावची शाळा, इथे ज्येष्ठ म्हणतात, ‘आम्ही सोडायला तयार आहोत, घ्यायला कोणी येत नाही.’ पुष्कळदा ते खरे असते. पण येणाऱ्या तरुणाच्या वाट्याला नेमके काय येते ते पाहा. सतरंज्या, माइकवाल्याचे बिल आणि आभारप्रदर्शन. चेकबुकावरची सही त्याच्याकडे येत नाही, कारण बँक धर्मादाय आयुक्तांकडचा कागद मागते, आणि त्या कागदावर अजून जुनेच विश्वस्त आहेत. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा, असे सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे. कित्येक संस्थांनी तो वर्षानुवर्षे दिलेला नाही, आणि दिलेला असला तर सुनावणीला कोणी फिरकलेले नाही. काही ठिकाणी विश्वस्त म्हणून नोंद असलेली माणसे हयातही नाहीत. पुढच्या वर्धापनदिनाच्या पत्रिकेवर कोणाच्या नावापुढे एमेरिटस छापायचे ठरले असेल, तर ती पत्रिका छापखान्यात देण्याआधी तो चेंज रिपोर्ट दाखल करा.